पट्टीच्या पाठीमागे

आज पहाटे वाचनालयातून आणलेलं ‘वॉल्डनकाठी विचारविहार’ उघडलं आणि पानांतून टोमॅटोच्या विक्रीची एक पट्टी निसटून मांडीवर पडली. पट्टी माझीच, 2023 च्या जुलैमधली. पुढच्या बाजूला किती कॅरेट, काय भाव, हमाली किती कापली आणि हातात किती आले. त्या महिन्यात नारायणगावच्या बाजारात वीस किलोच्या कॅरेटला दोन हजारांच्या वर भाव गेला होता. खालची रक्कम आमच्या घरानं त्याआधी कधी पाहिलेली नव्हती. मागच्या बाजूला पेन्सिलीनं, माझ्याच अक्षरात : ‘माणसाला जगायला फार लागत नाही. थोरोचं सगळं पटलं. प्रत्येकानं वाचावं.’

चहा ठेवायचा राहिला. मी ती पट्टी उलटसुलट करत बसून राहिले. घरात एवढा पैसा आला होता आणि त्याच कागदाच्या पाठीवर मी लिहून ठेवलं होतं की फार लागत नाही.

पुस्तकात चिठ्ठी ठेवायची सवय मला जुनी आहे. आमच्या वाचनालयात ‘पुस्तकांवर लिहू नये’ अशी पाटी आहे आणि ती योग्यच आहे. पण वाचणाऱ्याला बोलावंसं वाटतंच. जुन्या कादंबऱ्यांची शेवटची कोरी पानं पाहा. ‘छान.’ ‘वाचनीय.’ ‘अतिसुंदर.’ एकाखाली एक, वेगवेगळ्या शाईत. लग्न होऊन या गावात आले तेव्हा मी त्या शेऱ्यांच्या भरवशावर पुस्तकं न्यायची. वाचनालयात जाणं महिन्यातून एकदा, एका वेळी एकच पुस्तक, आणि ते फुसकं निघालं की पुढचा महिना कोरडा. ‘छान’ लिहिणाऱ्याचं काही जात नव्हतं, माझा महिना जात होता. तेव्हा ठरवलं की आपण लिहू ते खरं लिहू, म्हणजे पुढच्या बाईचा महिना तरी वाचेल. कागद म्हणून पट्ट्या घेतल्या. टोमॅटोच्या, कांद्याच्या, कोथिंबिरीच्या, घरात पट्ट्यांना तोटा नाही. ग्रंथपालदादा चिठ्ठ्या काढून टाकत नाहीत, एवढी त्यांची मेहेरबानी.

पट्टीवर लिहिल्यानं एक गोष्ट आपोआप झाली होती, ती आज ध्यानात आली. पुढच्या बाजूला तारीख आणि भाव असतो. हे मत लिहिणारी त्या दिवशी कुठं उभी होती, हे कागद उलटला की कळतं.

तर या पुस्तकाचा लेखक थोरो. हा माणूस 1845 साली अमेरिकेत एका तळ्याकाठी हातानं झोपडी बांधून दोन वर्षं आणि दोन महिने राहिला. जमीन त्याच्या मित्राची, एमर्सनची. दुर्गाबाई भागवतांनी त्याला मराठीत आणलं आणि ते मराठी इतकं स्वच्छ आहे की अनुवादासाठीसुद्धा पुस्तक हातात घ्यावं. पण मला यातलं आज सगळ्यात खरं वाटलं ते त्याच्या घेवड्याच्या शेताचं पान. अडीच एकर घेवडा केला. बियाणं, नांगरट, मजुरी, सगळा खर्च त्यानं पैन्‌पै मांडला आहे आणि शेवटी उरले आठ डॉलर साडेएकाहत्तर सेंट. ती त्याची पट्टीच की! ती वाचताना त्याच्याबद्दल माया वाटली. बाकी जिथं तो शेजारच्या शेतकऱ्यांना सांगायला लागतो की तुम्ही उगाच एवढे राबता, तिथं मी आज थांबले. त्याच्यामागं पोरं नव्हती, सोसायटीचं कर्ज नव्हतं, दावणीला म्हैस नव्हती. सकाळ-संध्याकाळ धार काढावी लागणाऱ्या बाईला एकटीनं तळ्याकाठी जाऊन राहता येत नाही. हे मला 2023 मध्येही ठाऊक होतं, पण तेव्हा टोमॅटोनं हात भरले होते आणि भरल्या हाताला साधेपणा लगेच पटतो.

मग आठवत गेलं की याआधीची कुठली मतं मी कुठं बसून दिली.

जिम कॉर्बेटच्या रुद्रप्रयागच्या बिबट्याचा मराठी अनुवाद मी मोटारीच्या खोलीत वाचायला घेतला होता. तेव्हा लाईट रात्रीची असायची. हे रानात दारं मोडायला आणि मी खोलीत, मोटार पाणी सोडते की काय हे बघायला. चाळीस पानं झाली आणि उसाच्या फडातून पाचट वाजलं. काही नव्हतं, रानमांजर असेल. पण त्या रात्री पुस्तक मिटलं ते पुढं दोन वर्षं उघडलं नाही. कॉर्बेट थोर लेखक आहे यात शंका नाही. त्याच्याइतकं जंगल कानांनी ऐकणारं माणूस विरळा. तरी जुन्नर-आंबेगावातल्या बाईनं ते पुस्तक वाचताना एक ध्यानात ठेवावं असं मी चिठ्ठीत लिहिलं. त्यातला बिबट्या गढवालच्या डोंगरातला, आठ वर्षांत सव्वाशे माणसं मारलेला, एक. आमचा बिबट्या उसात जन्मतो, ऊसतोडीत त्याची पिल्लं सापडतात, वनखात्याची माणसं ती आईजवळ परत ठेवतात. विद्या अत्रेय यांनी आमच्याच तालुक्यातल्या बिबट्यांचा अभ्यास करून दाखवलं, की पकडून भलतीकडं नेऊन सोडल्यानं हल्ले कमी होत नाहीत, वाढतात. कॉर्बेट वाचून बंदूक हवीशी वाटते. आमच्या भागाला दिवसाची लाईट हवी आहे. हे सांगणारं, आमच्या भाषेतलं, रात्री रानात पाणी भरणाऱ्या माणसाच्या बाजूनं लिहिलेलं जाड पुस्तक मी अजून शोधते आहे.

आणि ‘झाडाझडती’. विश्वास पाटलांच्या या धरणग्रस्तांवरच्या कादंबरीवर माझ्या तीन चिठ्ठ्या आहेत आणि तिन्ही वेगळ्या.

माझं आजोळ जुन्या आंबेगावातलं. घोडनदीच्या काठचं ते गाव डिंभे धरणात गेलं. तालुक्याला अजून त्याचंच नाव आहे, कचेरी घोडेगावला आणि नावाचं गाव पाण्याखाली. कडक उन्हाळ्यात पाणी उतरलं की जुने दगड वर येतात, तेव्हा लोक बघायला जातात. आजी कधी गेली नाही. ‘झाडाझडती’ला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाल्यावर ती कुणीतरी आमच्या घरी आणली आणि मी आजीला वाचून दाखवायला बसले. मला वाटलं, तिचीच गोष्ट आहे, तिला बरं वाटेल. तिनं नोटिसांची, मोजणीची पानं ऐकली, पंधरा-वीस असतील. मग म्हणाली, ‘ह्यात जात्याचं काय केलं ते लिवलंय का गं?’ मी म्हटलं, अजून आलं नाही. ‘आमचं तिथंच ऱ्हायलं,’ ती म्हणाली. ‘ट्रकात जागा नव्हती. खुंटा तेवढा काढून आणला.’ आणि पुस्तक मिटायला लावलं. तो खुंटा आईच्या घरी फळीवर आहे अजून. लाकूड हातानं गुळगुळीत झालेलं, एका बाजूनं जास्त झिजलेलं, कारण आजी डावखुरी.

पहिली चिठ्ठी मी चिडून लिहिली होती, की लेखकाला बायकांचं दुःख कळलेलं नाही. तशी ती अन्यायाची होती, कारण मी पुस्तक पुरतं वाचलंच नव्हतं. आजी गेल्यावर सगळं वाचलं. दुसऱ्या चिठ्ठीत लिहिलं की कागद माणसाला कसा मारतो हे मराठीत इतकं कुणी दाखवलेलं मी तरी वाचलं नाही. लिहिणारा माणूस प्रशासनात काम केलेला आहे. फाईल कुठं अडते, सही कशी लांबते, मोबदल्याचा पैसा घरापर्यंत येताना कसा वाळूसारखा झिरपून जातो, हे त्याला आतून ठाऊक आहे. तिसरी चिठ्ठी गेल्या वर्षीची. तिच्यात दोन्ही आहे. पुस्तक मोठं आहे, जरूर वाचावं. आवाज मात्र सतत चढा राहतो, खलपुरुष फार खल आहेत, आणि बाईच्या हातातलं सामान त्यात मला कमी दिसलं. आणखी एक वाक्य लिहिलं होतं, तेही इथं सांगते. डिंभ्याच्या कालव्याचं पाणी ज्यांच्या शिवारात जातं त्यांनी ही कादंबरी आधी वाचावी. माझं सासर पाण्याच्या बाजूचं आणि आजोळ बुडालेल्या बाजूचं. आमच्याकडं कुकडीचं पाणी येतं, त्याच्याही वरच्या अंगाला कुणाची तरी जाती बुडालीच असणार.

‘बारोमास’ मी टोमॅटो रस्त्याकडेला ओतला त्या वर्षी वाचलं. सदानंद देशमुखांचं ते कोरडवाहू रान वाचताना पहिल्यांदा कळलं की आपला तोटा हा पाणी असलेल्यांचा तोटा आहे. पुढच्या हंगामात आपण पुन्हा लावू शकतो. त्या चिठ्ठीवर मी एवढंच लिहिलं. आजही त्यात बदल नाही.

नारायणगावच्या सुनेनं तमाशातल्या विठाबाईंचं चरित्र उशिरा वाचावं ही शरमेची गोष्ट आहे. पाडव्याच्या सुमारास आमच्याकडं तमाशाच्या राहुट्या लागतात. गावोगावच्या यात्रांची माणसं सुपारी द्यायला येतात. सासूबाई सांगायच्या, तिकडून जाताना मान वळवायची नाही. मी वळवली नाही. मी लग्न होऊन आले तेव्हा विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर हयात होत्या, अगदी पायी जाता येईल इतक्या जवळ. 2002 च्या जानेवारीत त्या गेल्या तेव्हाही मी घरातच होते. पुढं वाचनालयात योगिराज बागुलांचं ‘तमाशा : विठाबाईच्या आयुष्याचा’ दिसलं, ते पिशवीत कोथिंबिरीखाली घालून घरी आणलं.

त्या पुस्तकाबद्दल माझं मत असं. कलावंत बाईचं चरित्र लिहिताना तिच्यावर हार चढवायचे किंवा अश्रू ढाळायचे, या दोन्ही मोहांतून ते बरंचसं सुटलं आहे, कारण त्यात पैसा आहे. फड चालवायला काय लागतं, उचल कशी घेतात, पाऊस आला तर काय होतं, हे आलं की माणूस खरं वाटायला लागतं. बाळंत होऊन पुन्हा बोर्डावर उभी राहिली ती गोष्ट सगळ्या महाराष्ट्राला पाठ आहे. पण मला वाटतं आपण ती गोष्ट फार सांगतो. त्या एका रात्रीत विठाबाईंना कोंडून टाकतो. भाऊ-बापूंच्या फडात वाढलेली ती पोर गायला कशी शिकली, तिचा आवाज कुठं चढायचा, वगात ती कशी बोलायची, हे मला अजून हवं होतं. 1990 साली संगीत नाटक अकादमीनं त्यांना गौरवलं ते गाण्या-नाचण्यासाठी, सोसण्यासाठी नव्हे. हे पुस्तकाचं न्यून म्हणायचं की माझं? आवाज ऐकायची सोय मला होती आणि मी मान वळवली नाही. चिठ्ठीत मी दोन्ही लिहिलं. त्या चिठ्ठीखाली पुढं कुणीतरी निळ्या शाईनं ‘मी पण’ असं लिहिलेलं आढळलं. अक्षर बाईचं.

शिवनेरी आमच्या गच्चीवरून दिसतो. त्यामुळं शिवरायांवरचं पुस्तक इथं कुणी वाईट म्हणत नाही, आणि म्हणूनच ती चिठ्ठी लिहिताना मी सगळ्यात जास्त वेळ घेते. ‘श्रीमान योगी’ पंधराव्या वर्षी वाचलं तेव्हा ढसाढसा रडले होते. चाळिशीत पुन्हा घेतलं तर माणसं नाटकातल्यासारखी बोलतात असं वाटायला लागलं. शिवनेरीवर उन्हात उभं राहिलं की टाक्यांचं गार पाणी, अंबरखान्याची पडकी भिंत, वारा हे सगळं कोरडं आणि कणखर आहे, आणि रणजित देसाईंची भाषा मऊ आहे. त्या वेळी मला पुस्तक धरून ठेवायला लावलं ते नरहर कुरुंदकरांच्या प्रस्तावनेनं. पहिल्यांदा वाचताना मी ती ओलांडून गेले होते. आता मुलांना सांगते, आधी कादंबरी, मग लगेच प्रस्तावना, दोन्हींमध्ये दिवस जाऊ देऊ नका. गोविंद पानसरेंचं ‘शिवाजी कोण होता?’ हे एका बैठकीत होणारं पुस्तक, आणि रयतेच्या बाजूनं राजाकडं बघायला शिकवणारं. पण माझं मन अडकलं आहे ते शेजवलकरांच्या ‘श्रीशिवछत्रपती’त. त्यांना मोठं चरित्र लिहायचं होतं. हातून झाली ती प्रस्तावना, आराखडा आणि साधनं. 1963 साली ते गेले, पुस्तक 1964 मध्ये आलं. ते अपुरं आहे. वाचायला जड आहे, जेवणं उरकल्यावर आडवं पडून वाचायचं तर अजिबात नाही. तरी एक माणूस पुरावा हातात घेऊन, कुणाची भीड न बाळगता विचार करतो आहे, हे त्यात पानोपानी दिसतं. मला ते अपुरं पुस्तक अनेक पुऱ्या पुस्तकांपेक्षा जवळचं आहे.

खोडदच्या रेडिओ दुर्बिणी आम्ही दरवर्षी 28 फेब्रुवारीला मुलांना दाखवायला नेत असू. विज्ञान दिनाला तिथं आत सोडतात. पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्या, निम्म्याहून जास्त आमच्या भागातल्या रानांमध्ये दूर दूर पसरलेल्या. त्या पाहिल्यावर थोरल्यानं नारळीकरांचं ‘आकाशाशी जडले नाते’ मागितलं आणि ते वाचलं मात्र मी, तीन हिवाळे लावून. नारळीकरांच्या विज्ञानकथांबद्दल माझं मत फार जणांना रुचत नाही : कल्पना घट्ट, माणसं पातळ. पण या पुस्तकात माणसं लागतच नाहीत, त्यामुळं ते भरलेलं वाटतं.

ओतूरचे अनिल अवचट आमचे, म्हणून त्यांच्या पुस्तकांना मी झुकतं माप देते अशी मला भीती वाटते. ‘माणसं’ वाचलं तेव्हा हमालाच्या पाठीकडं पहिल्यांदा पाहिलं. पट्टीवर ‘हमाली’ म्हणून जो आकडा कापलेला असतो, त्याच्यामागं पाठ असते. एवढं साधं वाक्य लिहून एवढं आत जाणारा दुसरा लेखक मला माहीत नाही. त्यांची नंतरची छंदांवरची पुस्तकं मी आनंदानं वाचली आणि परत केली. ‘माणसं’ मात्र विकत घेतलं.

नाणेघाटात एकदा जाऊन आले आणि मग मिराशींचं सातवाहनांवरचं पुस्तक काढलं. तिथल्या राणी नागनिकेच्या शिलालेखात यज्ञ आणि दक्षिणा यांची लांबलचक यादी आहे, गायी, घोडे, कार्षापणं. थकले. राजघराण्याच्या मूर्तींची नुसती पावलं तिथं उरली आहेत, त्यांच्याकडं पाहून जे वाटलं ते त्या यादीत नव्हतं. ते मिळालं स. आ. जोगळेकरांच्या गाथासप्तशतीत. त्याच सातवाहनांच्या काळाशी जोडलेला संग्रह, आणि त्यात नांगरकऱ्याची बायको आहे, शेत राखणारी पोर आहे, प्रवासाला गेलेल्याची वाट पाहणारी आहे. गाथा दोन-दोन ओळींत संपतात. कांदा काढणीच्या दिवसांत मी रोज एक वाचते, कारण तेवढ्याला कंबर आणि डोळे पुरतात. एखादी कळत नाही, तिच्यावर दिवसभर खुरपं चालतं.

एक चिठ्ठी मात्र मी कधीच लिहिली नाही. 30 जुलै 2014 ला माळीण गाव दरडीखाली गेलं, एकशे एक्कावन्न माणसं. तेव्हा मी पावसावरच्या कवितांचा एक संग्रह आणला होता, चांगला, नावाजलेल्या कवीचा. त्या आठवड्यात दुधाच्या गाडीवरचा माणूस रोज नवं नाव सांगायचा. पुस्तक फळीवर पडून राहिलं, मुदत गेली, दंड भरून परत केलं. कवितांचा काही दोष नव्हता. त्यावर मत द्यायला मी लायक नव्हते, अजूनही नाही. पुढच्या वाचकाला काय सांगणार? फक्त आत पट्टी न ठेवता पुस्तक दिलं.

एवढं सगळं आठवेपर्यंत उजाडलं. शेजारची मुलगी ताक न्यायला आली, अकरावीला आहे, वाचते. पुस्तक पाहून म्हणाली, ‘काकू, तुमचं झालं की मी नेऊ? कसंय?’ तोंडाशी ‘छान आहे’ आलं होतं. म्हटलं, ‘थांब, लिहून देते.’

बराखीच्या खिळ्याला यंदाच्या कांद्याच्या पट्ट्या टोचलेल्या असतात. त्यातली वरची काढली. भाडं, हमाली, तोलाई जाऊन जे उरलं होतं ते थोरोच्या घेवड्यापेक्षा फार वेगळं नव्हतं. मागं लिहिलं : ‘घेवड्याच्या शेताचं पान आधी वाच. भाषा दुर्गाबाईंची आहे, सावकाश वाच. तो एकटा होता हे विसरू नकोस. जिथं पटणार नाही तिथं खूण कर, मला दाखव.’ जुनी, 2023 ची पट्टी फाडून टाकणार होते. मग दोन्ही एकत्र टाचल्या, पुढची बाजू दिसेल अशा, आणि पुस्तकात ठेवल्या.

तिनं तिथंच उभ्या उभ्या दोन्ही पट्ट्या उलटून पाहिल्या. आधी भाव वाचला, मग मत.